मायची दोन तासं

आमच्या घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की माय उठून गॅस बंद करायला जायची. गॅस सुरू असो वा नसो. बाबा मात्र जागचे हलायचे नाहीत. "कागद केला का माणूस गेला," एवढंच म्हणायचे आणि पुरावा म्हणून गावातला एक म्हातारा पुढं करायचे. त्यानं मृत्युपत्र केलं आणि त्याच सालात गेला. तो नव्वदीला टेकला होता, जुना दमेकरी होता, कागद केला तेव्हाच खाटेला खिळलेला होता, हे मी किती वेळा सांगितलं असेल! बाबांच्या लेखी त्याला मारलं ते स्टॅम्पपेपरानं. शेवटी बाबाही गेले, कागद न करता. कागद केला नाही म्हणून माणूस राहतो, असंही काही दिसलं नाही.

बाबा गेल्यावर पटवाऱ्यानं वारसांची नोंद घेतली आणि मारेगावकडच्या आमच्या वावराच्या सातबाऱ्यावर तीन नावं एकाखाली एक लागली. मायचं, माझं आणि धाकट्या भावाचं. मी यवतमाळला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा, संसार सगळं तिथंच. वावर भाऊ करतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तिच्या मधात तूर, खालच्या अंगाला सोयाबीन. त्या तीन नावांनी माझ्या डोक्याला जो ताप लावला तो अजून उतरलेला नाही.

कारण वावरात राबतो एकटा भाऊ आणि सह्या लागतात तिघांच्या. पीककर्ज नवं-जुनं करायचं, सह्या. विहिरीवर मोटरची जोडणी घ्यायची, सह्या. सरकारनं शेतकऱ्यांसाठी काही नवं काढलं की तिघांची आधार कार्डं घेऊन या. मी लॅबमधून रजा मागायची, साहेबांचं तोंड बघायचं, वणीची एस.टी. पकडायची आणि तिथं पोचल्यावर कळायचं की आज तो संबंधित माणूस मीटिंगला गेला आहे. संबंधित माणूस! इतक्या वर्षांत मी संबंधित माणूस जागेवर बसलेला फार कमी वेळा पाहिला.

"ताई, मी वावरात राबू का तुमच्या दोघीच्या मांगं सह्या घेत हिंडू?" भाऊ एकदा बँकेच्या पायरीवर ओरडला. तो चुकीचं बोलत नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग त्यानं हक्कसोड काढली. माय आणि मी, दोघींनी आपापला हक्क त्याच्या नावे सोडायचा, सातबारा एका नावाचा करायचा, कटकट मिटली.

आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडायचाच असतो. कायदा काय म्हणतो ते कोर्टात. गावात बहीण राखीला नाहीतर दिवाळीला येते, साडी घेते, रजिस्ट्रीत जाऊन सही करते आणि मग जन्मभर तिला गुणाची म्हणतात. जी करत नाही तिला माहेरी पाणी देतानासुद्धा लोक तोंड दुसरीकडं करतात. मला साडीचं कौतुक नव्हतं आणि वावराचाही हव्यास नव्हता. भाऊ उन्हातान्हात मरतो, मला महिन्याचा पगार आहे, माझा वाटा सोडायला मी तयार होते. चीड एवढ्याचीच होती की "तुला काय पाहिजे" हे मला कोणी विचारलंच नाही. साडी कोणत्या रंगाची घेऊ, एवढं मात्र भावजयीनं फोन करून विचारलं. मी मोरपंखी म्हणाले.

पण माझं वेगळं आणि मायचं वेगळं. लॅबमध्ये मी रोज म्हातारी माणसं पाहते. सुई टोचून झाल्यावर मी विचारते, रिपोर्ट न्यायला कोण येईल? काहीजण लगेच मुलाचा नंबर सांगतात. काहीजण दाराकडं बघतात आणि म्हणतात, येईल कोणीतरी. त्यांच्यातली कितीतरी चांगली वावरवाडीवाली असतात. असतात म्हणजे होती. जिवंतपणीच सगळं मुलांच्या नावावर करून मोकळी झालेली.

म्हणून मी यवतमाळच्या एका वकिलाकडं जाऊन बसले. तो म्हणाला, आईनं हक्क सोडायचाच असेल तर कागदात एक अट घाला. मुलानं आईला जन्मभर सांभाळावं, अन्न-वस्त्र-औषधपाणी करावं. अशी अट लिहिलेली असली आणि पुढं मुलानं ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडं जाता येतं, कागद रद्द होऊ शकतो. अट नसेल तर मग अवघड आहे. एका वाक्याचं काम होतं. मला हायसं वाटलं. माझी माय कोण आहे हे मी त्या घटकेला विसरले होते.

मायचं म्हणणं अगदी सोपं होतं. "मले कायले पायजे वावर? माहे दोन तासं हाये ना."

तास म्हणजे पेरणीची ओळ. आमच्या वावराच्या टोकाला नाला आहे, त्याला लागून धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्याकडच्या शेवटच्या दोन ओळी मायच्या. पऱ्हाटीची लागवड झाली की ती ओटीत बी घेऊन तिथं जायची आणि बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी, भेंडी, चार दाणे तीळ, एखादा वाळकाचा वेल असं सगळं त्या दोन तासांत टाकायची. गावातल्या सगळ्याच बायांची अशी तासं असायची. त्या मालाची कुठं नोंद नाही, तो मार्केटला जात नाही, पुरुषमाणसं त्याला पीकसुद्धा म्हणत नाहीत. घरची भाजी निघते, एवढंच.

आणि हिवाळ्यात एक पोतडं यवतमाळला यायचं. गावाकडून कोणी निघालं की माय त्याच्या हाती ते सोपवायची. वाळल्या बरबटीचे दाणे, अंबाडीची बोंडं, फडक्यात बांधलेले तीळ. बरबटीला हमखास कीड लागलेली. सुट्टीच्या दिवशी मी परातीत दाणे घेऊन निवडत बसायची आणि निवडता निवडता माझं डोकं फिरायचं. यवतमाळच्या बाजारात काय बरबटी मिळत नाही? एकदा मी फोनवर तिला सरळ सांगितलं, आता धाडत जाऊ नको. ती म्हणाली, "तुहं हाये ते. मी कायले ठेवू?" मी समजले, बोलायची पद्धत आहे.

तर पेरण्या आटोपल्यावर आम्ही पहिल्यांदा रजिस्ट्रीला गेलो. ऑफिसबाहेर टिनाच्या शेडमध्ये अर्जनवीस बसतो, लोकांचे दस्त तोच लिहून देतो. मी फोनवरून सांगितलेली अट त्यानं घातली होती. त्याची पद्धत अशी की दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाकावर आजूबाजूच्या गावांतली दहाबारा माणसं आपापल्या कामाची वाट बघत बसलेली. त्यांच्यासमोर त्यानं वाचलं, लिहून घेणार यांनी मातोश्रींचा हयातभर सांभाळ करावा, तसे न केल्यास सदर लेख रद्द समजावा.

"थांबा," माय म्हणाली. "हे काय म्हनलं तुमी?"

त्यानं साध्या भाषेत सांगितलं. "पोरानं तुमाले पोसलं नाई, तं कागद रद्द, आजी."

मायनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. "पोसलं नाई तं? कोनं लिवलं हे?"

अर्जनवीसानं पेनाचं टोक माझ्याकडं केलं. असा माणूस दुश्मनालाही मिळू नये.

"माह्या पोराले कागदानं बांधतं का वं?" माय मला म्हणाली. "उद्या गावात म्हनतीन, म्हातारीनं पोराकडून भाकरीचं लिवून घेतलं. त्याची इज्जत काय राह्यली? माही काय राह्यली?"

भावाचे कान लाल झाले होते. "ताई, मी मायले उपाशी ठेवीन असं वाटते तुले?"

मी समजावलं. अरे, तू चांगला आहेस. अगं, ही अट वापरायची वेळ यायची नाही, नुसती असू दे.

"वेळ येनार नाई तं लिवाचं कायले?" माय म्हणाली.

बाकावरच्या माणसांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलं होतं. वकिलाची फी देऊन आणलेला माझा कायदा त्या टिनाच्या शेडमध्ये पार आडवा झाला. अर्जनवीस म्हणाला, घरी ठरवून या. माय भावाच्या गाडीवर मागं बसली आणि माझ्याकडं न बघता गेली. मी एस.टी. स्टँडवर एकटी चहा पीत बसले. चहासुद्धा गारढोण होता.

नंतर फोनवर मी काय काय करून पाहिलं! अट नको तर नको, एक एकर तरी स्वतःच्या नावावर ठेव. नको. अर्धा ठेव. नको. "मी त्याच्याच घरात राह्यतो, त्याच्याच हातचं खातो, अन् वावर माहं म्हनू?" मी म्हणायची, अगं पण कायद्यानं ते तुझं आहेच. ती म्हणायची, कायदा भाकर देते का? शेवटी मी हात टेकले. तुला हवं तसं कर, मी येऊन सही करते, म्हणाले आणि फोन आपटला. हल्लीचा फोन धड आपटताही येत नाही.

मधल्या काळात श्रावण आला. निंदणाला, म्हणजे तण काढायला, बाया मिळेनात. भावानं त्या साली ते बियाणं लावलं होतं, ज्याच्यावर तणनाशक मारलं तरी पऱ्हाटीला काही होत नाही, बाकी सगळं मरतं. त्याला सरकारची परवानगी नाही, तरी सगळं गावच ते लावतं आणि कोणी कबूल करत नाही. त्यानं पाठीवर पंप घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारत गेला. धुऱ्यापर्यंत. आठवड्याभरात तण पिवळं पडलं, आणि त्याबरोबर मायची दोन तासंही. बरबटी फुलावर आली होती.

हे मला भावजयीनं सांगितलं. "ताई, आई रोज वावरात जाऊन धुऱ्यावर बसून राह्यल्या. काई बोलत नाई. तुमी बोला."

मी आधी भावाला फोन केला. एवढं बघायला काय झालं होतं?

"पंप पाठीवर, नळी हातात, वरून ऊन. मी तासं पाहू का तण पाहू?" तो म्हणाला. "अन् बरबटी का सोनं हाये? पोतंभर आणून देतो बजारातून."

मग मायशी बोलले. जाऊ दे, बाजारात मिळते, मी म्हटलं. माय "हो" म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात दिला.

पोळ्याच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्यांदा रजिस्ट्रीला गेलो. नव्या दस्तात अट नव्हती, एकर नव्हतं, काहीच नव्हतं. आई व मुलगी आपला संपूर्ण हक्क सोडत आहेत, झालं. मी तोंडाला कुलूप लावून आले होते. मोरपंखी साडी पिशवीत घालून भावजय सोबत आली होती. सगळं अगदी रीतीनं चाललं होतं.

आत टेबलामागं एक तरुण बाई अधिकारी होत्या. मायला त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि सगळ्यांनाच विचारतात ते विचारलं. "आजी, या कागदानं तुमचा आणि तुमच्या मुलीचा वावरातला हक्क संपतो. खुशीनं करताय ना?"

"खुशीनंच करून राह्यली, बाई," माय म्हणाली. "फक्त माहे तासं लिवले का, तेवढं पाहा."

"कसली तासं?"

"नाल्याच्या धुऱ्याकडचे दोन. ते सोडून बाकी सारं पोराचं."

अर्जनवीस दारातून धावत आला. "आजी, तासं लिवता येत नाई. गट नंबर लागते, आराजी म्हनजे क्षेत्र लागते, चारी बाजूच्या सीमा लागते."

"सीमा सांगतो ना," माय म्हणाली. "एका अंगानं धुरा, दुसऱ्या अंगानं माह्या पोराची पऱ्हाटी."

अधिकारी बाईंनी हसू दाबलं. त्या बऱ्या होत्या. म्हणाल्या, "आजी, त्यापेक्षा थोडी जमीन तुमच्या नावावर ठेवू या का? मोजून घेता येईल."

"जमीन नाई पायजे. जमीन पोराची हाये. मले तासं पायजे."

इथं माझं कुलूप तुटलं. दोन महिने मी एकरासाठी जिवाचा आटापिटा केला, तेव्हा ही बया ढिम्म हलली नाही, आणि आता ऐन कॅमेऱ्यासमोर दोन ओळींसाठी अडून बसली होती! "माय, एकर ठेव म्हनलं तं नको, अन् आता हे काय काढलं तू?" मी जवळजवळ ओरडलेच.

"एकर माहं नाई," ती शांतपणे म्हणाली. "तासं माहे हाये."

भाऊ पुढं झाला. "माय, मी सोडतो ना तुह्यासाठी तासं. कागदात कायले पायजे?"

मायनं त्याच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. "श्रावणात सोडले होते का? कागदात नाई, म्हनून तुले दिसले नाई."

ज्या बाईनं लिहून घेणं म्हणजे इज्जत घालवणं म्हणून मला बाकावरच्या माणसांसमोर झापलं होतं, तीच हे बोलत होती.

अधिकारी बाईंनी सहज विचारलं, "आणि आजी, दोन्ही तासं तुमचीच?"

"नाई. एक माहं, एक हिचं," माय म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

मला आधी काही कळलंच नाही. बाईंनी कागद गोळा करून अर्जनवीसाच्या हातात दिले. आजींची संपूर्ण हक्क सोडायची तयारी दिसत नाही, त्यांना हवं ते यात बसत नाही, तेव्हा घरी बसून ठरवा. झालं आमचं काम. म्हणजे झालं नाही.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्यावर घसरला. तूच पढवलं तिला, म्हणाला. मी पढवलं! माझं ऐकणारी माय मला जन्मात एकदा तरी बघायची आहे. मायला विचारलं तर ती म्हणाली, "मी तं देऊनच राह्यली होती. लिवता त्याहीलेच येत नाई." भावजय साडीची पिशवी धरून अवघडून उभी होती, द्यावी की परत न्यावी. मायनं ती तिच्या हातातून घेतली आणि माझ्या खांद्याला अडकवली.

भाऊ गाडी काढायला गेला तेव्हा मी मायला विचारलं. "माहं तास कवापासून हाये?"

"तू लगन करून गेली तवापासून. त्याच्या आंधी एकच होतं."

"मले काहून नाई सांगितलं कधी?"

"सांगितलं नाई?" तिला खरंच नवल वाटलं. "दर साली धाडलं ना."

तिथं स्टँडसमोर, लोकांच्या येण्याजाण्यात मला रडू फुटलं. आणि खरं सांगते, रडण्यापेक्षा संताप जास्त होता. इतकी वर्षं! दर पावसाळ्यात गुडघे धरत, कंबर धरत ही बाई दुसरी ओळ टाकत राहिली, आणि मी सुट्टीच्या दिवशी कीड निवडत तिला नावं ठेवत बसले. फोनवर दोन शब्द जास्त बोलली असती तर काय बिल येणार होतं? पण मायशी या विषयावर भांडता येत नाही. ती उठून गॅस बंद करायला जाते.

सातबाऱ्यावर अजून तीन नावं आहेत. वकील म्हणतो, छान झालं, आईचा हक्क शाबूत राहिला. जणू ही सगळी त्याचीच अक्कल. भाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही, मग सही लागली तेव्हा बोलला. त्या हिवाळ्यात पोतडं आलं नाही. मी बाजारातून बरबटी आणली. एकही किडका दाणा नव्हता. शिजवली, सगळ्यांनी खाल्ली, मला ती गोड लागली नाही.

यंदा मिरगात मी लॅबमध्ये होते. समोरचा माणूस बाही वर करून बसलेला, माझ्या हातात सुई, आणि भावाचा फोन वाजायला लागला. तोडला तर पुन्हा. शेवटी घेतला.

"ताई, मायनं धुऱ्याकडं काड्या रोवल्या, वर चिंध्या बांधल्या," तो कातावलेला होता. "तितं पंप न्याचा नाई म्हनते. तिचं तास तिनं टाकलं. तुह्या तासाले हात लावू देत नाई, तुले विचारल्याबिगर. लागवडीच्या बाया उभ्या हायेत. लौकर सांग, तुह्या तासात काय टाकू?"

कायद्याचे इतके प्रश्न मी वकिलाला विचारले होते. हा प्रश्न मला त्या वावराबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"थांब जरा," मी म्हटलं.

"थांबू कसा? रोजी लागून राह्यली बायाची."

"बरबटी टाक," मी म्हटलं. "अन् थोडी अंबाडी."

"बरं. अन् मंगळवारी सहीले ये," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.